टॉमची बोटं आणि बाबांची पेटी

गणपतीत मिरजेला गेले होते तेव्हाची गोष्ट. पोरगा टीव्हीला चिकटलेला, वय वर्षं सहा, आणि मी त्याला दहा वेळा सांगून झालं होतं की बंद कर आता आरती व्हायचीये, आई आतून नैवेद्याचं ताट झालं का झालं का विचारत होती आणि बाबा सोप्यात पेटी समोर उघडून बसलेले, भात्याला रेक्झिनचा तुकडा चिकटवत. (भात्याला काय झालं होतं ते पुढे सांगते, ती वेगळीच स्टोरी आहे.) तर टीव्हीवर यूट्यूब चालू होतं आणि त्यात टॉम आला, टॉम अँड जेरीतलं मांजर. काळा शेपटाचा कोट, पांढरा शर्ट, मान वर, डोळे अर्धे मिटलेले, एकदम मोठ्ठा कलाकार. पियानोवर बसला आणि सुरू झाला.

बाबांनी मान वर केली. दोन मिनिटं नुसते बघत राहिले, फेव्हिकॉलची बाटली हातातच. मग म्हणाले, "अगं हा खरं वाजवतोय."

म्हटलं बाबा, कार्टून आहे ते.

"ते कळतंय मला. बोटं बघ की त्याची. सूर वर गेला की हात उजवीकडे जातोय, खाली आला की डावीकडे. पिक्चरमधले हिरो वाजवतात तसं नुसतं पट्ट्यांवर हात फिरवणं नाहीये हे. परत लाव बघू."

परत लावलं. मग तिसऱ्यांदा लावलं. आरतीला अर्धा तास उशीर झाला आणि आईने दोघांनाही काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आता टॉम अँड जेरी मी लहानपणापासून किती वेळा पाहिलंय याला काही हिशोबच नाही. 1995 ला कार्टून नेटवर्क भारतात सुरू झालं, आमच्याकडे केबलवाल्याने जरा उशिराच दिलं ते, आणि रात्र झाली की त्याच चॅनेलवर टीएनटी नावाने जुने हॉलिवूडचे पिक्चर लागायचे तेव्हा आम्ही भावंडं अक्षरशः रडकुंडीला यायचो. आमचं इंग्रजी यथातथाच, पण याला इंग्रजी लागायचंच नाही ना. मांजर धावतंय, उंदीर पळतोय, इस्त्री डोक्यावर पडली, झालं. पियानोवाला भाग पण तेव्हाच पाहिलेला, शंभरदा तरी, आणि मला कायम फक्त जेरी दिसला होता. बोटांकडे लक्ष जायला पेटीवाला माणूसच लागला.

तर रात्री सगळे झोपल्यावर मी वाचत बसले याच्याबद्दल, सवयच आहे ती, एक गोष्ट उघडली की दोन वाजेपर्यंत झोप नाही. या भागाचं नाव द कॅट कॉन्सर्टो. एमजीएम स्टुडिओचा, थिएटरमध्ये आला 1947 च्या एप्रिलमध्ये, दिग्दर्शन विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा, संगीत स्कॉट ब्रॅडली. लांबी सात-आठ मिनिटं. आणि टॉम जे वाजवतो ते फ्रान्झ लिस्टचं हंगेरियन ऱ्हॅप्सडी नंबर दोन, एकोणिसाव्या शतकातलं, 1847 मध्ये लिहिलेलं. दोन भाग त्यात. पहिला संथ, जड, जरा नाटकीच, आणि दुसरा म्हणजे सुटलेला घोडा. हंगेरीत चारदाश म्हणून नाच असतो त्याचीच ही पद्धत, आधी हळू मग वेडा वेग. आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं समजवायलाच नको, विलंबित आणि द्रुत. बाबांना सकाळी सांगितलं तर म्हणाले "मग, ते ऐकूनच कळतंय की."

आता ती बोटं. साधारणपणे कार्टूनमध्ये काय व्हायचं तर गोष्ट ठरायची, हॅना मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावून मोजून काढायचा की मांजर किती ठोक्यांत जिना उतरेल, तो हिशोब कागदावर मांडला जायचा आणि त्यावर ब्रॅडली संगीत बसवायचा. म्हणून तर त्या जुन्या भागांत जेरी चोरपावलांनी चालला की प्रत्येक पावलाला एक सूर असतो. पण इथे संगीत आधीच ठरलेलं, लिस्टचं, त्यामुळे उलटा प्रकार झाला, पियानो आधी रेकॉर्ड केला आणि मग चित्रकारांनी त्या वाजवण्यावर चित्रं काढली. सेकंदाला 24 फ्रेम. सात मिनिटांचेच धरले तरी दहा हजारांच्या वर जातात. कोणता सूर कितव्या फ्रेमला पडतो हे समोर लिहिलेलं असणार आणि त्या फ्रेमला मांजराचं कुठलं बोट कुठे आहे हे कोणीतरी पेन्सिलीने काढलंय, हाताने, 1946 साली. त्यातही गंमत अशी की टॉमच्या हाताला बोटं चारच, अंगठा धरून. म्हणजे माणसाच्या पाच बोटांचं वाजवणं चार बोटांत बसवायचं आणि तरी बघणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे. अ‍ॅनिमेटर म्हणून केनेथ म्यूज, एड बार्ज, अर्व्हन स्पेन्स अशी नावं आहेत, आणि मला खरंच वाटतं या लोकांना एकदा तरी डोळेभरून झोप मिळाली असावी नंतर.

चीनचा तो मोठा पियानोवादक लांग लांग आहे ना, तो सांगतो की दोन वर्षांचा असताना त्याने टीव्हीवर हाच भाग पाहिला आणि तिथून त्याला पियानोचं वेड लागलं. मी हे आईला वाचून दाखवलं तर आई म्हणे "आणि आपल्याकडचा बघ, तोच भाग बघून कपाटावरनं उडी मारतो."

असो. भात्याची स्टोरी.

बाबांची पेटी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. साडेतीन सप्तकांची, मिरजेतच घेतलेली, माझ्या जन्माच्या आधीपासूनची. मिरज म्हणजे वाद्यांचं गाव, तंबोरे-सतारी करणारी घरंच्या घरं आहेत इथे, त्यामुळे पेटी बिघडली तर माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. बाबा नोकरी बँकेत करायचे पण संध्याकाळी भजनी मंडळात साथीला, आणि हे गेली चाळीसेक वर्षं. मधे पायाचं ऑपरेशन झालं तर सहा महिने बसणंच बंद होतं, पेटी दिवाणात ठेवली कापडात गुंडाळून. गणपतीच्या आधी बाहेर काढली, भाता मारला तर नुसता फुस्स. सूरच नाही. वरची फळी उघडली तर आत एक उंदीर. म्हणजे उंदीर नव्हता तेव्हा, घर होतं त्याचं, कापसाचे पुंजके, गुंडाळलेल्या धोतराचे तुकडे, शेंगदाण्याची फोलं, आणि कुठल्यातरी जुन्या भजनाच्या वहीचं पान बारीक बारीक कुरतडून अंथरलेलं. भात्याच्या घडीला रुपयाच्या नाण्याएवढं भोक. आई म्हणाली टाकून द्या ते सगळं, बाबा तो कागद जुळवून बघत होते अभंग कुठला खाल्ला.

म्हणून मी म्हणते की कॅट कॉन्सर्टोमध्ये जेरी पहिल्यांदा दिसतो तो पियानोच्या आत गाढ झोपलेला, हे आमच्या घरी कोणाला अजिबात विनोदी वाटलं नाही. बाबा म्हणाले "बरोबर आहे. आतच असतो तो."

ज्यांनी बरेच दिवसांत पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, पियानोची पट्टी दाबली की आत एक नमद्याची हातोडी तारेवर आपटते, जेरी झोपलाय नेमका त्या हातोड्यांवर, टॉमने वाजवायला घेतलं की हा उडतोय आपटतोय. जागा होतो, वर येऊन बसतो आणि टॉमच्या समोर बसून हातवारे करत त्यालाच वाजवायला लावल्यासारखी अ‍ॅक्टिंग करतो. टॉम त्याला एका बोटाने टिचकी मारून उडवतो, वाजवणं न थांबवता, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. इथून पुढे सगळी मारामारी आणि एकही सूर चुकवायचा नाही, हा नियम. कारण समोर पब्लिक बसलंय ना! घरातला टॉम आरडाओरडा करू शकतो, पातेलं फेकू शकतो, इथे कोट घातलाय. झाकण बोटांवर आपटलं तरी वाजवायचं. जेरी एका पट्टीशी कात्री घेऊन बसतो, बोट आलं की कापायचं, आणि बोट दरवेळी कात्री मिटायच्या आधी निघून जातं, सहा वेळा तरी हुकतं, मग तो पट्ट्या काढून तिथे उंदराचा सापळाच बसवतो. पिंजरा नाही हो, ती स्प्रिंगची पट्टी. टॉम त्याच्या आजूबाजूचे सूर वाजवतोय वाजवतोय आणि आपण इकडे पाय आखडून बसलोय की आता पडेल बोट, आता पडेल. आणि पडतंच.

माझा सगळ्यात आवडता तुकडा मात्र तो, जिथे टॉम जेरीला पकडायला दोन्ही हातांनी पियानोत घुसलाय आणि वाजवणं पायांनी चालू आहे. पायाच्या बोटांनी. आणि तेही ठेका धरून! बाबा यावर इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागला.

मधेच जेरी हातोड्यांवर नाचायला लागतो आणि लिस्ट राहतो बाजूला, त्या काळातलं एक चालतं अमेरिकन गाणं सुरू होतं, मग नाचत नाचतच परत लिस्टवर येतो. बाबांचं मत असं की भजनात मधेच सिनेमाची चाल घुसवणारे लोक आमच्याकडेही आहेत, आणि तेही असेच गुपचूप परत येतात जणू काही झालंच नाही.

पण खरी गोष्ट शेवटाची आहे. टॉम चिडून जेरीला आत हातोड्यांत टाकतो आणि असा काही वाजवतो की जेरीचा पार भुगा. मग जेरी भडकतो, हातोड्या मोडून हातात घेतो आणि स्वतःच तारांवर वाजवायला लागतो, शेवटचा भाग, फुल स्पीड. पट्ट्या आपोआप खालीवर आणि टॉम त्यांच्यामागे धावतोय कारण लोकांना वाटायला हवं की तोच वाजवतोय. संपलं म्हणून हुश्श करतो तर परत सुरू. पुन्हा संपलं, पुन्हा सुरू. कोटाच्या चिंध्या, कॉलर लटकलेली, केस विस्कटलेले, आणि खरोखर संपतं तेव्हा टॉम पियानोवर आडवा. टाळ्यांचा कडकडाट. आणि दिव्याचा झोत येतो तो जेरीवर, तो मस्त वाकून नमस्कार करतोय.

इथे बाबा गप्प बसले जरा. (तिहाई म्हणजे तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर येणं.) मग म्हणाले, "हे तिहाईचं केलंय त्यानं. समेवर आला असं वाटतं आणि पुढं निघतो. साथीदारानं असं केलं तर गाणाऱ्याचं काय होतं बघ." नंतर म्हणाले, "आणि टाळ्या साथीदाराला. हे असलं कार्टूनमध्येच व्हायचं."

चाळीस वर्षं बुवांच्या डाव्या बाजूला बसलेला माणूस बोलतोय हे, म्हणजे समजून घ्या. पत्रिकेवर बुवांचं नाव मोठ्या टायपात आणि खाली 'साथ' असं लिहून दोन टिंबं. एकदा तर कार्यक्रमानंतर सत्कारात गाणाऱ्याला शाल, तबल्याला नारळ, आणि बाबांपर्यंत येता येता नारळ संपले होते. ते आजही हसून सांगतात, पण सांगतात.

म्हणून मी जेव्हा वाचलं की या भागाला ऑस्कर मिळालं, टॉम अँड जेरीचं ते सलग चौथं, 1943 पासून ओळीने दरवर्षाचं, तेव्हा आधी हेच शोधलं की घेतलं कोणी. तर घेतलं फ्रेड क्विम्बी या निर्मात्याने. नियमच तसा होता, कार्टूनचं ऑस्कर निर्मात्याला. पुढे अजून तीन मिळाली, एकूण सात, आणि स्टेजवर हाच माणूस. हॅना आणि बार्बेरा, ज्यांनी एकूण 114 भाग केले, ते वर नाहीत. बरं सुरुवातही अशीच होती यांची. 1940 चा पहिला भाग, पस गेट्स द बूट, त्यात मांजराचं नाव टॉम नव्हतं जॅस्पर होतं, आणि त्या भागाच्या नावांच्या पाटीवर हॅना-बार्बेरा नाहीतच, रुडॉल्फ आयझिंगचं नाव आहे. त्या भागाला ऑस्करचं नामांकनही मिळालं. टॉम आणि जेरी ही नावं नंतर आली, स्टुडिओतच स्पर्धा ठेवली, चिठ्ठ्या टाकल्या, जॉन कार नावाच्या अ‍ॅनिमेटरने सुचवलेली जोडी निघाली आणि त्याला 50 डॉलर मिळाले. पन्नास डॉलर! टॉम अँड जेरी या नावाचे! आणि तो जो पियानो आपण ऐकतो, कॅट कॉन्सर्टोमध्ये, तो वाजवणाऱ्याचं नावही पडद्यावर येत नाही. 1953 मध्ये आलेल्या जोहान माउस या भागात मात्र याकोब गिम्पेल या पियानिस्टचं नाव दिलंय, म्हणजे सहा वर्षांनी कोणालातरी सुचलं की बाबा रे ही बोटं कोणाची तरी असतात. टॉमची ती फेमस किंकाळी माहितीये ना, शेपटी सापडली की येते ती? ती स्वतः विल्यम हॅनाची. दिग्दर्शकच किंचाळलाय माइकसमोर जाऊन. बाबांना हे फार आवडलं.

आणि एक भांडणही आहे यात. त्याच सुमारास वॉर्नर ब्रदर्सने, 1946 च्या नोव्हेंबरमध्ये, ऱ्हॅप्सडी रॅबिट आणलं, फ्रिझ फ्रेलेंगचं, त्यात बग्स बनी पियानोवर, वाजवतोय काय तर लिस्टचं तेच, आणि पियानोत कोण तर उंदीर. विनोदही काही काही अगदी सारखे. दोन्ही स्टुडिओ एकमेकांवर ओरडले की आमचं चोरलं. खरं काय ते आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही आणि मी तर नाहीच. मी दोन्ही पाठोपाठ पाहिले. बग्स मजा आणतो, पण बग्सला सगळं माहिती असतं, तो आपल्याकडे बघून डोळा मारणारा, त्याचं काही बिघडणार नाही हे पहिल्या मिनिटाला कळतं. टॉमचं तसं नाही. टॉमला खरंच ते वाजवून संपवायचंय. त्या मांजराने रियाज केलाय हो! माझं मत टॉमला. पोराचं मत बग्सला, कारण "तो गाजर खातो".

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला एका पियानोवादकाचं नुसतं वाजवणं लावायला सांगितलं, कार्टूनशिवाय. भाता एव्हाना दुरुस्त झाला होता. पेटी पुढ्यात घेऊन एक एक सूर शोधत बसले. "काळी एक आहे," म्हणाले, म्हणजे सा पहिल्या काळ्या पट्टीवर, "गंधार कोमल." नंतर बघितलं तर लिस्टने लिहिलंय ते सी शार्प मायनर, म्हणजे बरोबर काळी एकच. सुरुवातीची ती जड ओळ त्यांनी उजव्या हाताने काढली, डाव्या हाताने भाता मारत, त्यामुळे लिस्टचा डावा हात गायब, पण ओळखू येत होतं. पोरगा पेटीच्या वर हनुवटी टेकवून बसला आणि जेरीसारखे हातवारे करायला लागला. बाबांनी त्याला एका बोटाने टिचकी मारली, वाजवणं न थांबवता.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री देवळात भजन होतं. ऑपरेशननंतर बाबा पहिल्यांदा बसले साथीला, खाली बसता येत नव्हतं म्हणून स्टुलावर, पेटी टेबलावर. बुवा रंगात, मृदंग जोरात, टाळकऱ्यांनी लय चढवत नेलेली, आणि शेवटचा गजर संपला. बुवांनी हात जोडले. पेटी थांबली नाही. एक छोटी तान घेऊन पुन्हा गजराच्या तोंडावर आली. मृदंगवाला दचकला, पण चाळीस वर्षांची सवय, त्याने उचललं, टाळ आले, बुवांना हात सोडून परत गावं लागलं. संपलं. लोक उठायला लागले. पेटी परत तोंडावर.

बुवांनी उपरणं सावरत डावीकडे अशी काही नजर टाकली म्हणता. बाबा सरळ समोर बघत होते, चेहऱ्यावरची रेष हलली नाही. आणि पुढच्या रांगेतून माझं कार्टं उभं राहून, सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलं, "आजोबा जेरी झाले!!"